न वाजलेली पावलं

नवा टीव्ही भिंतीवर चढला, त्या दिवसापासून बैठकीच्या खोलीतली माणसं बुटकी झाल्यासारखी वाटायची. वहिनीला तरी. तिच्या औषधाच्या दुकानातलं कपाटसुद्धा एवढं रुंद नव्हतं. पण त्या रविवारी तिने तोंड उघडलं नाही. धाकट्या नणंदेचा सिनेमा बघायला घर जमलं होतं, आणि जेवणं कशी पटापट आटोपली होती.

"मला परत एकदा सांग," आत्या सोफ्याचा कोपरा धरत म्हणाल्या, "ही नक्की करते काय त्यात?"

"चालते," वहिनी म्हणाली.

"दिसते का?"

"दिसत नाही हो आत्या. पडद्यावरचा माणूस चालतो ना, त्याच्या पावलांचा आवाज मागाहून घेतात. एका बंद खोलीत ही समोर चित्र बघत त्याच्या पावलात पाऊल टाकून चालते. कधी बूट, कधी टाचा. फरशी वेगळी, वाळू वेगळी."

"आणि याचा पगार देतात?"

"देतात."

"मग मी आयुष्यभर फुकटच चालले," आत्या म्हणाल्या.

अण्णा हसले नाहीत. ते टीव्हीखालच्या टेबलापाशी वाकून आपल्या पेटीच्या वायरी तपासत होते. पेटी म्हणजे शिवणाच्या डब्याएवढी काळी हार्डडिस्क, तिच्या कपाळावर एक निळा दिवा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढलेल्या माणसाने तिच्या प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली होती.

"फोन जोडले का सगळ्यांनी?"

"जोडले, अण्णा."

हा घराचा कायदा होता. आत आलं की हात धुवायचे आणि फोन पेटीला लावायचा. कायद्याला तीन वर्षं झाली होती. आई गेल्या आणि चौथ्या महिन्यात अण्णांचा फोन पाण्याच्या बादलीत पडला. त्यात आईंचे अकरा आवाजी निरोप होते. 'येताना बल्ब आणा.' 'छत्री विसरलात.' असलेच. शहरातल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याच्या काउंटरवर अण्णा तो फोन घेऊन उभे राहिले. शेवटच्याने फोन उघडून आतली गंजलेली पट्टी दाखवली आणि परत बंद करून दिला. त्यानंतर पेटी आली. या घरातून आता काही जाणार नाही, असं अण्णांनी सांगितलं आणि कुणाची नाही म्हणायची छाती झाली नाही.

"सूनबाई," वायरी झाल्यावर अण्णा म्हणाले, "त्या चपला सापडल्या?"

"अण्णा, मी टाकल्या नाहीत. दोन आठवडे तेच सांगतेय."

"कपाटात खालच्या कप्प्यात होत्या."

"होत्या ना. मी रोज पुसत होते त्यांच्या बाजूने. आता नाहीत. मी काय करू?"

"आईच्या चपलांचा विषय नंतर," दादा रिमोट खडूसारखा धरून म्हणाला. दादा शाळेत मुख्याध्यापक; घरातही घंटा झाल्यासारखाच बोलायचा. "सुरू करतोय. ती येईल तेव्हा येईल. दारातच तिला तिचा सिनेमा दिसला पाहिजे."

"पण लागायचाय ना तो अजून?" वहिनीने विचारलं. "शुक्रवारी ना?"

"आपल्याकडे आधी लागला," दादा म्हणाला, आणि त्याच्या मिश्या नुसत्या फुलल्या.

*

धाकटी जिना चढत होती तेव्हा तिच्या डोक्यात सकाळचा फोन अजून वाजत होता. स्टुडिओच्या मालकीणबाई ओरडल्या नव्हत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सिनेमा बाहेर पडलाय. चार दिवस लोक फोनवर बघतायत. आपली कच्ची प्रत आहे, वर डाव्या कोपऱ्यात सेकंद पळतायत. ती दोनच ठिकाणी होती, तुझ्याकडे आणि मास्तरांकडे. मास्तरांना मी घरी बसायला सांगितलंय. पाचपर्यंत वेळ दिलाय. मग तक्रार जाईल, नावासकट."

"मास्तर असं करणार नाहीत."

"मग कोण करणार?"

तिने फोन ठेवला होता. आपल्या मशीनमधलं, म्हणजे लॅपटॉपमधलं, काम सुरक्षित आहे, असं तिला खरंच वाटत होतं. मास्तरांना वाटेत फोन केला, तर ते म्हणाले, "तू जेवलीस का?" वीस वर्षांपूर्वी, टाच आधी टेकायची की चवडा, हे ज्या माणसाने गुडघ्यावर बसून तिला दाखवलं होतं, तो घरी बसून तिच्या जेवणाची चौकशी करत होता.

घरी काही सांगायचं नाही, असं ठरवून ती दारापाशी आली आणि आतून एक वाक्य ऐकू आलं: 'किल्ली कुंडीखाली ठेवते.' तिने ते वाक्य काम करताना किमान दोनशे वेळा ऐकलं होतं.

दार ढकललं. भिंतभर पडद्यावर सिनेमातली म्हातारी घर सोडून निघाली होती. हातात पिशवी. सोळा पायऱ्या. ती एकेक पायरी उतरत होती आणि आवाज येत नव्हता. पिशवीची सळसळ होती, लांबचा कुत्रा होता, पण पावलं नव्हती. म्हातारी हवेतून खाली येत होती.

"आली!" आत्या ओरडल्या. "ये ये, तुझाच सिनेमा! ही बाई चालतेय तशी छान, पण आवाज कुठाय गं तुझा? टीव्ही बिघडला का?"

"अण्णा, तो मागचा स्पीकर बघा," दादा म्हणाला.

"स्पीकर नका बघू," धाकटी म्हणाली. ती चपला न काढताच आत आली होती. हे एकट्या वहिनीच्या लक्षात आलं. "ते आवाज नाहीतच यात. तोवर घेतले नव्हते. ही तीन आठवड्यांपूर्वीची प्रत आहे. ती कुठून आली?"

"सरप्राइज!" दादा म्हणाला. पण अर्ध्यातच त्याचा आवाज बसला.

"दादा, कुठून आली?"

दादाने पेटीकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पेटीकडे पाहिलं. निळा दिवा आपला लुकलुकत होता.

"तू मागे जेवायला आलीस तेव्हा मशीन आणलं होतंस," अण्णा सावकाश म्हणाले. "ते मी जोडलं. कायदाच आहे."

"फोटो, अण्णा. फोटो म्हणाला होतात तुम्ही."

"फोटो कुठल्या कप्प्यात असतील काय सांगावं. म्हणून मी सगळंच घेतो. सगळ्यांचंच घेतो." त्यांनी आत्यांकडे पाहिलं.

"माझंपण?" आत्यांनी पदर सावरला, जणू पेटीला डोळे होते.

धाकटी मोड्यावर बसली. "पेटीतून बाहेर कशी गेली?"

 पडद्यावर म्हातारी रस्त्याला लागली होती, अजून मुकीच.

*

दादाला त्या क्षणी आठवत होती ती शिक्षक-खोलीतली दुपार. पेटीतला सिनेमा त्याने आपल्या फोनवर आधी थोडासा पाहिला होता, मग सगळा. मग सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला होता. गणिताच्या बाईंचा भाऊ परदेशात असतो, हे त्या रोज सांगतात. भूगोलाच्या सरांची मुलगी विमान चालवते. आपली बहीण चालते, हे आजवर कुणाला कसं सांगायचं? त्याने लिहिलं होतं: 'माझ्या बहिणीचं काम. फक्त आपल्यापुरतं.' बावीस जणांनी अंगठे दिले होते.

"मी स्टाफच्या ग्रुपवर टाकला," तो म्हणाला. "फक्त आपल्यापुरता, असं लिहून."

"सगळ्या बावीस शिक्षकांना?" वहिनी म्हणाली.

"तेवीस. शिपाईमामाही आहेत."

धाकटीने सकाळची हकीकत सांगितली. मास्तर, पाच वाजता, तक्रार. घड्याळात साडेतीन झाले होते. आत्यांनी तोंडावर हात ठेवला. नेहमी सगळ्या गल्लीच्या बातम्या देणाऱ्या बाईने तो बराच वेळ काढला नाही.

"हे बघ," दादा उभा राहिला, "घाबरायचं नाही. पेटीतून पुसून टाकू. तुझ्या मशीनमधूनही. प्रत दोघांकडे होती म्हणतात, म्हणजे दोघांपैकी कोण हे त्यांना कळणार कसं? सिद्ध कसं करणार?"

"नाहीच करता येणार," धाकटी म्हणाली. "म्हणून तर मास्तरांवर जाईल. त्यांचं वय झालंय, गेल्या वर्षी त्यांचं मशीन एकदा हरवलं होतं. सगळ्यांना पटेल."

"मास्तरांचं वाईट व्हावं असं मी म्हणत नाही."

"म्हणताय," वहिनी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

"का? माझ्या दुकानातून कुणी गोळ्यांची एक पट्टी खिशात घातली, तर तुम्हीच म्हणता ना, कॅमेरा बसव. आणि इथे तीन वर्षांचं काम तुम्ही तेवीस जणांना वाटलंत, चार अंगठ्यांसाठी."

"सगळेच बघतात! एकटा मी आहे का? पुस्तक एक आणतो आणि दहा जण वाचतात, ती चोरी का? लोक बघतील, नाव होईल. सिनेमावाल्यांचं असं काय जातं?"

"नाव," धाकटी म्हणाली. "यात माझं नाव नाहीये दादा. कच्च्या प्रतीत नावं नसतात."

आत्यांनी आता हात काढला. "म्हणजे आपण शेवटपर्यंत बसलो असतो तरी तुझं नाव आलं नसतं?"

"नाही आत्या."

"मी चष्मा मुद्दाम आणला होता," आत्या हळूच म्हणाल्या.

वहिनी नवऱ्याकडे बघत होती. "ती मुलगी आठवतेय का हो? नववीतली. मनगटावर उत्तरं लिहून आणलेली. तुम्ही तिला प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर बाही वर करायला लावली होती."

दादाचा चेहरा उतरला. तो खाली बसला आणि स्वतःच्या शर्टाची बाही उगाचच खाली ओढत राहिला.

धाकटीला खरं तर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटत नव्हतं. "मला शहाणपणा सांगता येत नाही," ती म्हणाली. "आवाजाचं सॉफ्टवेअर मी शिकले ते कशावर? अण्णांनी एक्स्चेंजमधल्या मित्राकडून सीडी आणली होती. वरती पेनाने लिहिलेलं. विकत घ्यायची ऐपत नव्हती, आणि कुणी विचारलंही नाही. सहा वर्षं मी त्यावर शिकले. या घरात लहानपणी एक तरी सिनेमा आपण तिकीट काढून पाहिला का?"

"एक," अण्णा म्हणाले. "तुझ्या आईला बघायचा होता."

*

अण्णा एवढा वेळ पेटीपाशीच उभे होते. चौतीस वर्षं त्यांच्या हातांतून शहराची बोलणी गेली होती. लग्नं ठरताना, मोडताना, माणूस गेल्याचं सांगताना. तपासणीला तार जोडावी लागायची, तेव्हा कानाला लावलेलं यंत्र ते लाइन चालू असल्याची खूण पटली की लगेच काढायचे. बाकीचे ऐकत, हसत, जेवणाच्या सुट्टीत नकला करत. अण्णांनी कधी कान लावला नाही. या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांनी मुलांना इतक्या वेळा ऐकवला होता की मुलं पुढचं वाक्य आधी म्हणत.

आणि त्यांनी स्वतःच्या मुलीचं मशीन, ती ताटावर बसलेली असताना, न विचारता सबंध उतरवून घेतलं होतं. प्रेमाने घेतलं होतं. तरी घेतलंच होतं.

"नंबर लाव," ते म्हणाले.

"कुणाचा?"

"तुझ्या मालकीणबाईंचा."

"अण्णा, मी बोलते ना."

"तुझं तू नंतर बोल. माझं मी बोलतो. लाव, आणि सगळ्यांना ऐकू येईल असं लाव. या घरात चोरून ऐकणं बंद."

घंटी गेली. मालकीणबाईंचा आवाज आला, थकलेला.

"बाई, नमस्कार. मी हिचा वडील. तुमच्या मास्तरांनी काही केलेलं नाही. प्रत आमच्या घरातून गेली. हिच्या मशीनमधून मी उतरवून घेतली, हिला न सांगता. मला यातलं सगळं कळतं, त्यामुळे कळलं नाही असं म्हणता येत नाही. तक्रारीत माझं नाव घाला. मी लिहून देतो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काका, तुम्ही बाहेर पाठवलीत?"

अण्णांची नजर पेटीवरच होती. "घरातून गेली," ते पुन्हा म्हणाले. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. वहिनीने पाहिलं.

"तिला द्या फोन."

"ऐकतेय," धाकटी म्हणाली.

"मशीन घरी न्यायचं नाही, हे तुला माहीत होतं?"

"होतं."

"का नेलंस?"

"त्या जिन्याच्या प्रसंगासाठी. पावलं जमत नव्हती. घरचा जिना तसाच आहे, समोर चित्र ठेवून बघायचं होतं."

"मास्तरांना मी आता फोन करते. त्यांची माफी कशी मागायची ते मलाच कळत नाहीये. तक्रारीत काय लिहायचं ते वकील ठरवतील. तुझं काम सिनेमात राहील, काढायला वेळ नाही. नाव राहणार नाही. ते मी आज काढते. आणि पुढच्या कामाचं आत्ता विचारू नकोस."

"नाही विचारत."

"बाई," दादा एकदम पुढे झुकला, घसा खाकरून, "मी तिचा भाऊ. बाहेर मी पाठवली. ग्रुपवर. माझीच—"

फोन बंद झाला होता.

आपलं वाक्य रिकाम्या फोनला सांगून दादा तसाच वाकून राहिला. कुणीही त्याची सुटका केली नाही. शेवटी वहिनीने त्याचा फोन उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. "ग्रुपवर लिहा," ती म्हणाली, आवाज मात्र चढवला नाही. "जिथे अंगठे आले, तिथेच लिहा. मग बाईंना परत लावा."

तो लिहीत होता, खोडत होता. मुख्याध्यापकाला पाच ओळी लिहायला पाऊण तास लागला. पहिलं उत्तर शिपाईमामांचं आलं: 'सर मी पुढे मेहुण्याला दिला होता. चूक झाली.' दादाने ते मोठ्याने वाचलं आणि पुढचं त्याला वाचवेना.

*

शुक्रवारी दुपारच्या खेळाला थिएटर अर्धंसुद्धा भरलं नव्हतं. ज्यांना बघायचा होता, त्यांतल्या बऱ्याच जणांनी आठवड्यात फोनवर पाहून घेतला होता. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा बघत पाच माणसं आत शिरली आणि कुणी कुणाच्या शेजारी बसायचं यावरून उगाच थोडा गोंधळ झाला. दादा टोकाला बसला. रजा टाकून आला होता. शाळेच्या संचालक मंडळाने सोमवारी बोलावलं होतं, ते त्याने फक्त वहिनीला सांगितलं होतं. धाकटी येणार नव्हती. अण्णा तिच्या दाराशी जाऊन काही न बोलता उभे राहिले, म्हणून आली.

नाव नसणार हे सगळ्यांना माहीत होतं. तरी आत्यांनी चष्मा आणला होता.

अण्णांना सिनेमा नीटसा कळत नव्हता. लक्ष लागत नव्हतं. मग पडद्यावरची म्हातारी म्हणाली, 'किल्ली कुंडीखाली ठेवते', पिशवी उचलली आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

सट. मग जरा घासत, सर्र. सट. सर्र.

अण्णांची पाठ सरळ झाली. मुलांच्या आईचा डावा गुडघा दुखायचा, म्हणून डावी चप्पल पायरीवर घासत यायची. अंगठ्याचा पट्टा सैल होता. तो बदलून आणतो म्हणून त्यांनी दोन वर्षं काढली होती. एवढ्याशा आवाजावरून त्यांना गॅलरीत बसल्या बसल्या कळायचं, बाजारातून आली, जड आहे पिशवी, उठलं पाहिजे. बहुतेक वेळा उठायचे नाहीत.

त्यांनी मान वळवली. धाकटी पडद्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती.

"चपला," ते नुसत्या ओठांनी म्हणाले.

तिने मान हलवली. "विचारून न्यायला हव्या होत्या, अण्णा."

पाचवी पायरी. सहावी. अण्णांचा हात खिशात गेला. हात तीन वर्षं तेच करायला शिकला होता. फोन हाताला लागला, गुळगुळीत, थोडासा गरम. एक बटण दाबायचं आणि गुडघ्यावर ठेवायचा, अंधारात कुणाला दिसणार? दहा पायऱ्या शिल्लक होत्या. दहा पायऱ्या पेटीत गेल्या असत्या, बादलीत पडल्या नसत्या, रोज सकाळी चहाच्या वेळी उतरल्या असत्या. शेजारी वहिनीला तो हात दिसला. तिने नजर परत पडद्याकडे वळवली.

नववी. दहावी.

हात बाहेर आला. रिकामा. अण्णांनी तो खुर्चीच्या दांड्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने धरून बसले, आणि सोळाही ऐकल्या.

शेवटी नावांची पाटी वर सरकू लागली. माणसं उठून निघाली. आत्या एकट्या जागेवरून हलल्या नाहीत. पुटपुटत सगळी नावं वाचत गेल्या, चहा देणाऱ्यांपर्यंत. मास्तरांचं नाव आलं तेव्हा धाकटीने टाळी वाजवली. एकटीनेच. दिवे लागले.

"नाहीच आलं गं," आत्या म्हणाल्या. माहीत असूनसुद्धा त्यांनी चष्मा पदराने पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

बाहेर उन्हात सगळे डोळे चोळत उभे होते. दादा बहिणीला काहीतरी सांगायला दोनदा पुढे झाला आणि दोनदा मागे आला.

"अण्णा कुठे गेले?" वहिनीने विचारलं.

अण्णा तिकिटाच्या खिडकीपाशी होते. वाकून, आत बसलेल्या बाईला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानेच बोलत होते.

"उद्याचं द्या. दुपारचंच. एक."